कावीळ झाली आणि सांधेदुखी थांबली. या एका निरीक्षणामागं २० वर्षं धावलेल्या डॉक्टरमुळं जगाला स्टेरॉइडचं इंजेक्शन मिळालं

आपल्या ओळखीत एक तरी माणूस असा असतोच, ज्यानं गुडघ्यात इंजेक्शन घेतलंय. आई, मावशी, शेजारचे काका, नाहीतर शाळेतले रिटायर झालेले सर. इंजेक्शन घेतल्यावर आठवड्याभरात ते जिना चढायला लागतात, मंडईत चालत जाऊन येतात आणि भेटेल त्याला डॉक्टरचं नाव सांगत सुटतात. मग दोन-तीन महिने जातात आणि गुडघा परत कुरकुरायला लागतो.

इथं घरात दोन गट पडतात. एका गटाला वाटतं की हे इंजेक्शन म्हणजे जादू आहे, दर महिन्याला मिळालं तरी घ्यावं. दुसऱ्या गटाला वाटतं की स्टेरॉइड म्हणजे विष आहे, त्याला हातसुद्धा लावू नये.

गंमत म्हणजे हा वाद आजचा नाही. ज्या डॉक्टरनं हे औषध पहिल्यांदा सांधेदुखीच्या पेशंटला द्यायचं ठरवलं, त्याच्या हयातीतच तो सुरू झाला होता. जगभर जयजयकार चालू असताना आपल्याच औषधाला जादू म्हणू नका, असं सांगायची वेळ त्याच्यावर आली होती.

त्या डॉक्टरचं नाव फिलिप शोवॉल्टर हेन्च.

ज्या आजाराला कुणी वाली नव्हता, तो आजार निवडला

हेन्च यांचा जन्म २८ फेब्रुवारी १८९६ चा. गाव अमेरिकेतलं पिट्सबर्ग, पोलादाच्या कारखान्यांचं शहर. जन्मापासून त्यांच्या टाळूला फट होती, त्यामुळं त्यांचं बोलणं समोरच्याला पटकन कळायचं नाही. पण अंगानं धिप्पाड आणि स्वभावानं चिकाटीचा असा हा गडी. पुढं हाच माणूस जगभरच्या डॉक्टरांसमोर भाषणं देणार होता.

१९१६ साली लाफाएत कॉलेजमधून ते पदवीधर झाले. पहिल्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय विभागात नाव घातलं, पण शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यांना राखीव दलात पाठवण्यात आलं. १९२० साली पिट्सबर्ग विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. तिथून ते मिनेसोटा राज्यातल्या रोचेस्टर नावाच्या छोट्या गावात गेले. गाव छोटं, पण तिथलं मेयो क्लिनिक तेव्हाही प्रसिद्ध होतं. १९२६ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, हेन्च तिथल्या सांध्यांच्या आजारांच्या विभागाचे प्रमुख झाले.

पद मोठं वाटतं, पण त्या काळात या विभागाकडं हुशार डॉक्टर फिरकत नसत. कारण उपचारच नव्हते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडं ज्याला आमवात म्हणतात, तो एकदा जडला की माणूस हळूहळू वाकडा होत जायचा. बोटं वळायची, गुडघे आखडायचे, शेवटी खाट धरायची. डॉक्टरांच्या हातात ॲस्पिरिन, गरम पाण्याचा शेक आणि विश्रांती एवढंच होतं. शरीरात कुठंतरी लपलेल्या जंतुसंसर्गामुळं हे होतं असा समज असल्यामुळं पेशंटचे दात उपटायचे, टॉन्सिल काढायचे. दात जायचे, दुखणं तसंच राहायचं.

इथं एक फरक लक्षात ठेवू. वय वाढल्यावर गुडघ्याची कुर्चा झिजते आणि दुखायला लागतं, तो ऑस्टिओआर्थ्रायटिस. आमवात वेगळा. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते आणि तरुण माणसालाही तो होतो. हेन्च यांची लढाई या दुसऱ्या आजाराशी होती.

१ एप्रिल १९२९ : पेशंटच डॉक्टर निघाला

त्या दिवशी हेन्च यांच्यासमोर ६५ वर्षांचा एक पेशंट होता. तो स्वतःही डॉक्टर होता आणि चारेक वर्षं आमवातानं त्रासलेला होता. त्यानं एक विचित्र गोष्ट सांगितली. त्याला कावीळ झाली आणि कावीळ झाल्या झाल्या सांधे दुखायचे कमी झाले. कावीळ उतरल्यावरही बराच काळ त्याचे सांधे मोकळे राहिले.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनं हे ऐकून सोडून दिलं असतं. योगायोग म्हणून पुढचा पेशंट आत बोलावला असता. हेन्च यांनी वही काढली.

या माणसाला शेरलॉक होम्सचं भयंकर वेड होतं. होम्सच्या जुन्या, दुर्मीळ आवृत्त्या ते आणि त्यांची पत्नी मेरी जमवायचे. त्यांचा तो संग्रह आज मिनेसोटा विद्यापीठात आहे. कदाचित म्हणूनच त्यांना या छोट्या गोष्टीत मोठा धागा दिसला.

त्यांचा तर्क असा होता. आमवात हा फक्त पुढं जाणारा आजार आहे, त्याला परतीचा रस्ता नाही, असं सगळे धरून चालले होते. पण एखाद्या पेशंटचे सांधे काही आठवडे जरी मोकळे झाले, तर याचा अर्थ ते मेलेले नाहीत. शरीरातच असं काहीतरी आहे, जे हा आजार थांबवू शकतं. कावीळ झाल्यावर ते बाहेर येतं. मग ते काय आहे?

गरोदर बायकांनी दुसरा पुरावा दिला

हेन्च पेशंटना विचारत सुटले. कावीळ झालेले आणखी पेशंट सापडले, त्यांचीही तीच कहाणी. मग दुसरी गोष्ट पुढं आली. आमवात असलेल्या अनेक बायका सांगायच्या की गरोदरपणात दुखणं जवळपास गायब व्हायचं आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत परत यायचं. काही पेशंटना मोठ्या ऑपरेशननंतरही तात्पुरता आराम पडायचा.

आता कोडं आणखी रंगलं. कावीळ पुरुषांनाही होते आणि बायकांनाही, त्यामुळं हा फक्त स्त्रियांच्या हार्मोनचा परिणाम असू शकत नव्हता. गरोदरपणात कावीळ नसते, त्यामुळं तो फक्त पित्ताचाही परिणाम नव्हता. दोन्हींत समान असलेलं तिसरंच काहीतरी होतं. हेन्च यांनी त्याला नाव दिलं, सबस्टन्स एक्स.

मग सुरू झाले प्रयोग. पेशंटना पित्त देऊन पाहिलं, पित्तक्षार देऊन पाहिले. कावीळ झालेल्या माणसाचं रक्त चढवून पाहिलं. गरोदर बाईचं रक्त चढवून पाहिलं. एकातूनही हवं ते हाती लागलं नाही. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तब्बल दहा वर्षं हा माणूस अपयशाच्या नोंदी करत राहिला.

उत्तर त्याच इमारतीत होतं

मेयो क्लिनिकमध्येच एडवर्ड केंडल नावाचे रसायनशास्त्रज्ञ काम करत होते. त्यांनी १९१४ सालीच थायरॉइड ग्रंथीतून थायरॉक्सिन वेगळं काढून नाव कमावलं होतं. १९३० च्या दशकात ते मूत्रपिंडांच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या मागं लागले. कत्तलखान्यातून गुरांच्या ग्रंथींचे ढीग आणायचे आणि त्यातून चिमूटभर पदार्थ काढायचा, असं ते काम होतं. मिळालेल्या पदार्थांना त्यांनी ए, बी, ई, एफ अशी अक्षरं दिली. तिकडं स्वित्झर्लंडमध्ये टाडेयस राइखस्टाइन स्वतंत्रपणे हेच काम करत होते.

शरीरावर ताण आला की ॲड्रिनल ग्रंथी कामाला लागतात. कावीळ, गरोदरपण, ऑपरेशन, सगळीकडं शरीरावर ताण असतो. धागा जुळला. जानेवारी १९४१ मध्ये हेन्च आणि केंडल यांनी ठरवलं की कंपाउंड ई आमवाताच्या पेशंटवर वापरून पाहायचं.

पण वापरायचं तर ते हवं ना? पदार्थ इतका कमी मिळायचा की एका माणसाला चार दिवस पुरणार नाही. त्यात अमेरिका महायुद्धात उतरली. १९४२ ते १९४६ हेन्च लष्कराच्या सेवेत गेले आणि अर्कान्सामधल्या हॉट स्प्रिंग्ज इथं लष्कराचं संधिवात केंद्र सांभाळू लागले.

युद्धानंच मग या औषधाला हात दिला. जर्मन वैमानिकांना ॲड्रिनल ग्रंथीचा अर्क देतात आणि त्यामुळं ते अतिउंचावरून विमान उडवू शकतात, अशी अफवा पसरली. अफवा खोटी होती, पण अमेरिकन सरकारनं या संशोधनाला बळ दिलं. १९४४ मध्ये मर्क कंपनीतल्या लुईस सॅरेट या तरुण रसायनशास्त्रज्ञानं ३० हून जास्त टप्प्यांची लांबलचक प्रक्रिया करून कंपाउंड ई प्रयोगशाळेत तयार केलं. कशापासून? गुरांच्या पित्तातल्या आम्लापासून. हेन्च यांचा शोध कावीळ आणि पित्तापासून सुरू झाला होता, आणि औषधाचा कच्चा माल शेवटी पित्तातूनच आला.

२१ सप्टेंबर १९४८

त्या वर्षी जुलैमध्ये इंडियाना राज्यातली २९ वर्षांची एक तरुणी मेयो क्लिनिकमध्ये दाखल झाली. आमवातानं तिचं चालणं जवळपास बंद केलं होतं. हेन्च यांनी आधी औषध देऊन तिला मुद्दाम कावीळ घडवून आणायचा प्रयत्न केला. तोही फसला. बरं वाटल्याशिवाय ती घरी जायला तयार नव्हती.

सप्टेंबरच्या सुरुवातीला हेन्च यांनी मर्कला पत्र लिहून कंपाउंड ई मागवलं. कंपनीकडं होतंच थोडं, पण त्यांनी ते पाठवलं. २१ सप्टेंबरला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. ते सांध्यात नव्हे, स्नायूत. मात्रा रोज १०० मिलिग्रॅम.

पहिल्या दिवशी काही नाही. दोन दिवसांनी तिला पलंगावर सहज कूस बदलता आली. मग आखडलेले सांधे सुटले, ती चालू लागली. २८ सप्टेंबरला ती गावात खरेदीला गेली आणि तीन तास फिरून आली.

कावीळवाल्या पेशंटला भेटल्यापासून साडेएकोणीस वर्षं झाली होती.

हेन्च, केंडल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स स्लोकम व हॉवर्ड पॉली यांनी लगेच डंका पिटला नाही. आणखी पेशंटना औषध दिलं, नोंदी ठेवल्या, चालण्याचे आधीचे आणि नंतरचे चित्रपट काढले. एप्रिल १९४९ मध्ये त्यांनी ही गोष्ट जाहीर केली. कंपाउंड ई या नावाची व्हिटॅमिन ई शी गल्लत नको म्हणून नवं नाव ठरलं, कॉर्टिसोन.

नोबेल मिळालं आणि डोकेदुखी सुरू झाली

वर्तमानपत्रांनी चमत्कार, चमत्कार म्हणून डोक्यावर घेतलं. १९५० साली हेन्च, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पुरस्कार मिळाला. पहिल्या इंजेक्शनपासून जेमतेम दोन वर्षांत.

औषध मात्र सोन्याहून महाग होतं. सुरुवातीला एका ग्रॅमला २०० डॉलर पडायचे. पुढं मेक्सिकोतल्या एका रानटी कंदापासून स्टेरॉइड बनवायची पद्धत आली आणि १९५२ मध्ये अपजॉन कंपनीनं बुरशीच्या मदतीनं सगळ्यात अवघड टप्पा सोपा केला. किंमत कोसळली आणि कॉर्टिसोन सामान्यांपर्यंत पोहोचलं.

तोपर्यंत नाण्याची दुसरी बाजू दिसायला लागली होती. पेशंटचे चेहरे चंद्रासारखे गोल व्हायला लागले. वजन आणि रक्तदाब वाढला, पोटात अल्सर झाले, हाडं ठिसूळ झाली. काहींचं मन थाऱ्यावर राहिलं नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, औषध थांबवलं की आजार परत यायचा.

कारण साधं होतं. आपलं शरीर दिवसाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम कॉर्टिसोल बनवतं. पेशंटना त्याच्या कितीतरी पट औषध रोज, महिनोन्‌महिने मिळत होतं. बाहेरून एवढा पुरवठा होतोय म्हटल्यावर ॲड्रिनल ग्रंथी काम करायचंच सोडून देतात. म्हणून स्टेरॉइड बरेच दिवस घेतलं असेल तर ते एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

हेन्च यांची भूमिका पहिल्यापासून एकच होती. हे औषध आजार बरा करत नाही, फक्त तो दाबून ठेवतं. नोबेलच्या व्याख्यानाला त्यांनी जे शीर्षक दिलं, त्यातही बरं होण्याचा शब्द नव्हता, परतवता येण्याचा होता. आजार परतवता येतो हे सिद्ध झालं, याचं मोल त्यांना औषधापेक्षा जास्त वाटत होतं. १९५४ मध्ये ब्रिटनमध्ये कॉर्टिसोन आणि ॲस्पिरिनची तुलना झाली, तेव्हा आमवात नव्यानं झालेल्या पेशंटमध्ये वर्षअखेरीला दोन्हींत फारसा फरक दिसला नाही. चमत्काराची हवा उतरली.

मग इंजेक्शन सांध्यात कसं आलं?

एक सांधा दुखतोय तर अख्ख्या शरीराला औषध कशाला, असा विचार आता पुढं आला. फिलाडेल्फियातले डॉक्टर जोसेफ हॉलंडर यांनी औषध थेट सांध्यात देऊन पाहिलं. कॉर्टिसोननं फारसं काही झालं नाही. मात्र केंडल यांच्या यादीतलं कंपाउंड एफ, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, सांध्यात टोचल्यावर सूज उतरली. १९५१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं.

असं का झालं हे नंतर कळलं. कॉर्टिसोन स्वतः काम करत नाही. यकृतात त्याचं हायड्रोकॉर्टिसोन होतं आणि मग ते काम करतं. स्नायूत दिलेलं औषध रक्तातून यकृतापर्यंत पोहोचतं. सांध्यात दिलेल्याला ती सोय नाही, म्हणून तिथं तयार औषधच लागतं.

आज डॉक्टर गुडघ्यात किंवा खांद्यात जे ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन देतात, ती याच घराण्यातली पुढची पिढी. ही औषधं हळूहळू विरघळतात, म्हणून परिणाम काही आठवडे, कधी काही महिने टिकतो.

आपण यातून काय घ्यायचं?

हेन्च यांनी सांगितलेली गोष्ट आजही तशीच लागू आहे. इंजेक्शन सूज उतरवतं, झिजलेली कुर्चा भरून आणत नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस असलेल्या १४० जणांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी इंजेक्शन दिलं. अर्ध्यांना स्टेरॉइड, अर्ध्यांना नुसतं मिठाचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात फरक नव्हता, उलट स्टेरॉइडवाल्यांची कुर्चा जास्त झिजली होती. म्हणूनच एका सांध्यात वर्षातून तीन-चारपेक्षा जास्त वेळा हे इंजेक्शन देणं डॉक्टर टाळतात.

म्हणजे घ्यायचंच नाही का? तसंही नाही. गुडघा सुजून पाय टेकवता येत नसेल, तेव्हा हे इंजेक्शन काही आठवड्यांची मोकळीक देतं. त्या आठवड्यांत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू झाले, वजनाकडं लक्ष दिलं, तर इंजेक्शन सार्थकी लागतं. नुसतं पुढच्या इंजेक्शनची वाट पाहिली, तर ते वाया जातं. आणि आमवात असेल तर आजाराला मुळात आवर घालणारी औषधं आज उपलब्ध आहेत. ती सोडून फक्त इंजेक्शनवर राहणं म्हणजे सांधे हातानं घालवणं.

मधुमेह असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढू शकते. सांधा लाल, गरम झालाय आणि ताप आहे, तर ती जंतुसंसर्गाची खूण असू शकते. अशा सांध्यात स्टेरॉइड देत नाहीत. आणि सांधेदुखीवर दोन दिवसांत गुण देणारी बिननावाची पुडी कुणी दिली तर सावध राहा. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळल्याची प्रकरणं भारतात अनेकदा उघडकीला आली आहेत. तिथं मात्रा किती, हे घेणाऱ्याला कधीच कळत नाही.

हेन्च १९५७ साली निवृत्त झाले. पीतज्वराच्या शोधाचा इतिहास हे त्यांचं दुसरं वेड. क्युबात ज्या जागेवर पीतज्वराचे ते गाजलेले प्रयोग झाले, ती जागा शोधून काढण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षं खटपट केली. जमवलेली हजारो कागदपत्रं आज व्हर्जिनिया विद्यापीठात आहेत. ३० मार्च १९६५ रोजी जमैकात सुट्टीवर असताना, वयाच्या ६९ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

त्यांच्या औषधाचे भाऊबंद आज दम्याच्या पंपात आहेत, ॲलर्जीच्या गोळीत आहेत, कोविडमध्ये ऑक्सिजनवर असलेल्यांना दिलेल्या डेक्सामेथासोनमध्येही होते. कोविडच्या दुसऱ्या लाटेत याच औषधांच्या अतिवापरानं आणि वाढलेल्या साखरेनं काळ्या बुरशीचा धोका कसा वाढवला, तेही आपण पाहिलं.

तेव्हा घरात पुन्हा कधी जादू की विष हा वाद सुरू झाला, तर डॉक्टर हेन्च यांची गोष्ट सांगा. आणि आईला गुडघ्यात इंजेक्शन द्यायचं ठरलंच, तर डॉक्टरांना दोन प्रश्न नक्की विचारा. या सांध्यात याआधी किती वेळा दिलंय, आणि इंजेक्शननंतरच्या मोकळ्या आठवड्यांत व्यायाम कोणता करायचा?